एका इमारतीतलं गाव की रेंज नसलेलं गाव?

अलास्कातलं व्हिटियर आणि वेस्ट व्हर्जिनियातलं ग्रीन बँक. दोन्ही टीचभर, दोन्ही जगावेगळी, पण अमेरिकेच्या दोन टोकांना. त्यामुळे बहुतेकांना एकच निवडावं लागतं.

व्हिटियरची वस्ती ३०० च्या आत, आणि जवळजवळ सगळं गाव 'बेगिच टॉवर्स' या १४ मजली इमारतीत राहतं. पोस्ट, किराणा तिथेच. शाळेत जायला जमिनीखालून भुयार, म्हणजे पोरांना बर्फ तुडवावा लागत नाही. रस्त्याने यायचं तर ४ किलोमीटरचा एकपदरी बोगदा लागतो. त्यातूनच रेल्वेही धावते, म्हणून गाड्या आळीपाळीने एकेका दिशेने सोडतात. रात्री बोगदा बंद. शेवटची वेळ हुकली की मुक्काम. पाऊस तर महाबळेश्वरची आठवण करून देणारा. पण पाहुणा म्हणून ती इमारत आपण बहुतांशी बाहेरूनच बघतो, कारण ती लोकांची घरं आहेत. बंदरातून हिमनद्या बघायला निघणारी बोट मात्र चुकवू नये.

ग्रीन बँकचं वेगळेपण अंगावर येतं. इथे १०० मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण आहे. आकाशातून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओ लहरी टिपताना इतर रेडिओ लहरींचा गोंगाट नको, म्हणून १९५८ पासून सुमारे ३४ हजार चौरस किलोमीटरचा टापू 'रेडिओ शांतता क्षेत्र' आहे. गावात मोबाईलला रेंज नाही. दुर्बिणीजवळ डिजिटल कॅमेरा चालत नाही आणि गाड्याही डिझेलच्याच, कारण पेट्रोल इंजिनातल्या स्पार्क प्लगच्या ठिणगीतूनही रेडिओ लहरी निघतात! परग्रहावरून कुणी साद घालतंय का, हे खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक यांनी १९६० साली कान लावून ऐकलं ते इथेच. नारायणगावजवळ खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या तबकड्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांना या एकाच अजस्र तबकडीखाली उभं राहताना काय वाटेल, हे मी सांगायला नको.

अलास्काला जाणारच असाल तर अँकरेजहून एक दिवस व्हिटियरला द्या. अंतर शंभरेक किलोमीटर. मुद्दाम वाट वाकडी करायची तर माझं मत ग्रीन बँकला. वॉशिंग्टनहून गाडीने चारेक तास लागतात. दोन रात्री राहा. वाफेच्या इंजिनाची कॅस रेल्वेही जवळच आहे. नकाशा आणि राहण्याचा पत्ता कागदावर उतरवून घ्या, आणि 'दोन दिवस फोन लागणार नाही' हे घरी आधीच सांगून ठेवा.