माथेरानला निघालात आणि कुणी "ट्रेन बंद आहे" म्हणालं तर

नेरळ-माथेरानच्या वाटेवर पर्यटकाला गंडवायला मोठं खोटं बोलावंच लागत नाही, अर्धं खरं पुरतं. पावसाळ्यात नेरळहून वर जाणारी मिनी ट्रेन बंद असते हे खरंच आहे. साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत दरडींच्या भीतीने रेल्वे ती थांबवते. पण वरच्या टोकाला, अमन लॉज ते माथेरान, शटल चालू असते. पाऊस फारच झाला तरच तिच्या फेऱ्या रद्द होतात. वर्तमानपत्रात "मिनी ट्रेन बंद" एवढं वाचून गेलेला माणूस ही दुसरी गोष्ट विसरतो, आणि गाड्या जिथे थांबतात त्या दस्तुरी नाक्यावर काही जणांचं त्या विसरण्यावर पोट चालतं.

आम्ही जुलैत गेलो होतो. मी, नवरा, मुलगा आणि सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखरे, त्यामुळे चालणं कमीत कमी ठेवायचं होतं. बदलापूर सोडलं की वांगणी, शेलू आणि मग नेरळ. स्टेशनबाहेर पाऊल टाकताच एकाने "शेअरिंग आज बंद, पूर्ण गाडी घ्या" असं सांगितलं. थोडं पुढे गेलो तर शेअर टॅक्स्यांची रांगच लागली होती. इथे काही गेलं नाही. खरं तर तिथेच कान टवकारायला हवे होते, पण घाटातलं धुकं आणि खिडकीतून आत येणारा पाऊस बघताना असले विचार कोण करतं!

दस्तुरी नाका म्हणजे या सगळ्याचा गळा. माथेरानला मोटारींना बंदी आहे, सगळ्या गाड्या इथेच थांबतात. पुढे बाजारपेठेपर्यंत साधारण अडीच किलोमीटर. ते पायी जायचं, घोड्यावर, मोजक्या ई-रिक्षांत, नाहीतर शटलने. अमन लॉज स्टेशन नाक्यापासून अगदी जवळ आहे, पण टॅक्सीतून उतरल्या उतरल्या दिसत नाही. या न दिसण्याला तिथे फार किंमत आहे.

टॅक्सीचं दार आम्ही उघडलंच नाही, बाहेरून उघडलं गेलं. रेनकोट घातलेला माणूस, गळ्यात ओळखपत्रासारखं काहीतरी, तेही उलटं लटकलेलं. त्याने आधी सासूबाईंची बॅग हातात घेतली आणि मग बोलायला लागला.

"मावशी, ट्रेन बंद आहे. रूळ वाहून गेलेत."

"मग चालत किती लागतं?" मी विचारलं.

"दीड-दोन तास, ताई. सगळा चढ. मावशींना नाही जमायचं."

"आणि ई-रिक्षा?"

"त्या शाळेच्या पोरांना असतात."

प्रत्येक उत्तराला खऱ्याचा एक धागा होता. खालची ट्रेन बंद होतीच. ई-रिक्षा शाळकरी मुलांनाही नेतात. रस्ता चिखलाचा होता. पण लोहमार्गाच्या कडेने जाणारी वाट बरीचशी सपाट आहे आणि रमतगमत गेलं तरी तासाभरात बाजारपेठ येते. नवरा तरीही तिकीट खिडकीपर्यंत जाऊन आला. खिडकी बंद! "बघा, मी काय म्हणत होतो?" खिडकी पुढच्या फेरीच्या थोडं आधी उघडते, हे आम्हाला नंतर कळलं. त्याला ते आधीपासून माहीत होतं.

शेवटी घोडे घेतले, माणशी ५०० रुपये ठरले. "पोराचे घेत नाही," असं म्हणून त्याने मुलाच्या गालाला हात लावला. पैसे वर पोचल्यावर द्यायचे. हे ऐकून बरं वाटतं, कारण आधी पैसे न मागणारा माणूस सज्जन वाटतो.

निम्म्या वाटेवर झाडांआडून शिट्टी ऐकू आली. मग लाल मातीच्या कडेने, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, छोटे छोटे डबे डुलत गेले. आत माणसं, छत्र्या, भिजलेली पोरं. एका पोराने आमच्या मुलाला हातसुद्धा केला. सासूबाईंनी खोगिराची कड घट्ट धरून घोडा धरणाऱ्या पोराला विचारलं, "ही रे कसली गाडी?"

"ती रेल्वेच्या माणसांसाठी असते, आजी."

हे वाक्य आमच्या घरात अजून चालतं.

बाजारपेठेत उतरल्यावर हिशोब बदलला. ५०० घोड्याचे, धरणाऱ्याचे २०० वेगळे, बॅगेचे १००, आणि मुलगा बापापुढे बसला होता म्हणून "डबल सवारी". रेनकोटवाला अर्थातच खाली दस्तुरीला राहिला होता, ठरलं काय होतं याला साक्षीदार नाही. नवऱ्याने वाद घातला नाही. घोड्याचा नंबर विचारला आणि फोटो काढायला मोबाईल वर केला. तेवढ्याने वरचे सगळे आकडे गळून पडले आणि ठरलेले ५०० च राहिले. परवान्याच्या घोड्याला नंबर असतो, आणि तो कुठे पोचू शकतो हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त चांगलं माहीत असतं. वर पोचल्यावर नव्हे, बसण्याआधीच तो फोटो काढा.

त्या पोराबद्दल मात्र मला राग धरता येत नाही. चिखलातून लगाम धरून तो अख्खी वाट पळत आला होता. टॅक्सीचं दार उघडणाऱ्या माणसाचा वाटा आधी कापला जातो, हे त्यानेच पाणी पिताना सांगितलं. गावाला हे सगळं नवीन नाही. मार्च २०२५ मध्ये माथेरानकरांनीच दस्तुरीवरच्या दिशाभुलीविरुद्ध बंद पुकारला होता, कारण फसलेला पर्यटक परत येत नाही आणि त्याचा फटका दुकानदाराला, खानावळीला आणि सरळ धंदा करणाऱ्या घोडेवाल्यालाही बसतो.

दुसऱ्या दिवशी आणखी एकाने "सात पॉइंट" विकायचा प्रयत्न केला. कागदावर सात आकडा भरगच्च दिसतो. पण शार्लोट लेक, लॉर्ड पॉइंट, एको पॉइंट ही सगळी एकाच अंगाला, एकातून दुसरीकडे चालत जाता येईल अशी ठिकाणं. तलावाकाठचं पिसारनाथाचं देऊळही त्याने पॉइंट म्हणूनच मोजलं होतं. वाटेवर पाट्या आहेत, आणि सासूबाईसुद्धा थांबत थांबत हे सगळं फिरल्या. पावसाळ्यात एक आणखी पाहा: एको पॉइंटला आम्हाला दिसलं ते फक्त पांढरं धुकं. दूरच्या पॉइंटसाठी घोडा ठरवण्याआधी जवळच्या कड्यावर जाऊन दरी दिसतेय का ते बघा. दिसत नसेल तर लांबच्या कड्यावरूनही बहुधा दिसणार नाही, आणि ते सांगण्यात विकणाऱ्याचा काही फायदा नाही.

परत शटलनेच आलो. शटलची वेळ प्रवासी कराची पावती फाडणाऱ्या खिडकीवर विचारली तर तिथे लगेच सांगितली. येताना दस्तुरीलाही तशीच खिडकी आमच्यासमोर होती. कर तर प्रत्येकाला भरावाच लागतो. बॅग दुसऱ्याच्या हातात द्यायच्या आधी तिथे एक प्रश्न विचारायला काही लागत नाही.

खाली उतरताना टॅक्सीवाल्याने स्वतःहून विषय काढला. वाटेत एक धबधबा आहे, जरा आत जावं लागतं, ३०० रुपये जास्त, आत्ता द्या म्हणजे डिझेल टाकतो. पावसाळ्यात कर्जत तालुक्यातल्या धबधब्यांवर प्रशासन वरचेवर बंदीचा आदेश काढतं, दरवर्षी तिथे माणसं बुडतात. म्हणून मी मुद्दाम विचारलं, बंदी नाही ना? "छे, ताई, चालू आहे." मुलगा आधीच चपला काढून बसला होता. पैसे दिले. फाट्यावर पोलीस उभे होते, त्यांनी हातानेच गाडी वळवायला सांगितली.

नवऱ्याने ३०० परत मागितले, तर तो आरशातून आमच्याकडे बघत म्हणाला, "साहेब, धबधबा चालूच आहे की. रस्ता बंद आहे."