राधाचं घर की रात्रीची झाडं?

लहान पोरांसाठी चित्रांचं पुस्तक घ्यायचंय पण आपल्याला पण परत परत उघडावंसं वाटलं पाहिजे, असं कुणी विचारलं की मी दोनच नावं सांगतो. माधुरी पुरंदरेंचं 'राधाचं घर', आणि चेन्नईच्या तारा बुक्सचं 'द नाइट लाइफ ऑफ ट्रीज'.

राधाचं सोपं आहे. मराठीत आहे, लिहिणारी आणि चित्रं काढणारी बाई एकच, आणि घरातली माणसं एवढी ओळखीची की शिवाजी पेठेतलं पोरगं पण बोट ठेवून म्हणणार, ही आमची आज्जी! बास.

झाडांचं मात्र लई वेगळं काम. भज्जू श्याम, दुर्गाबाई आणि रामसिंग उर्वेती या गोंड चित्रकारांची चित्रं, कागद काळाभोर, तो पण हातानं बनवलेला, आणि छपाई मशीनवर नाही तर सिल्कस्क्रीननं (जाळीच्या कापडातून रंग दाबून) हातानं, एकेक रंग वेगळा चढवत जायचा, त्यामुळं पान उघडलं की शाईचा वास येतो आणि बोट फिरवलं तर रंग हाताला जाणवतो, हे पीडीएफमध्ये कुठनं मिळणार? 2008 ला इटलीतल्या बोलोन्याच्या बालपुस्तक मेळ्यात बक्षीस पण मिळालंय. आपण कोल्हापूरला कलापूर म्हणवून घेतो, तर हे एकदा हातात घेऊन बघाच.

अडचण एवढीच की मजकूर इंग्रजी (थोडाच आहे, आपण मराठीत सांगायचा) आणि किंमत जरा जास्त, त्यात रंकाळ्यावर भेळ खाऊन आलेले हात त्या काळ्या पानाला लागले की संपलंच.

मी म्हणतो पाच वर्षांच्या आतल्याला राधा द्या, झाडं स्वतःला घ्या आणि वरच्या फळीवर ठेवा.