ओढ्याच्या काठासाठी काथ्याची जाळी आणि वाळा: माल घ्या, पण पायथा आधी बांधा

बेळगावकडच्या मार्कंडेय नदीला मिळणाऱ्या एका ओढ्याचा 40 मीटर काठ काथ्याची जाळी आणि वाळा हे खोल मुळांचं गवत लावून धरला, त्याला आता दोन पावसाळे झाले. जाळी एका विक्रेत्याकडची, रोपं एका नर्सरीतली. दोन्ही माल घेण्यासारखा आहे. मात्र 'जाळी अंथरा, वाळा लावा, काम झालं' असं जे विकताना सांगितलं जातं, त्यावर जाऊ नका. काठ ढासळतो तो खालून. वळणावर पाणी पायथ्याची माती पोखरतं आणि वरचा भाग आपल्याच वजनाने खाली बसतो. जाळी आणि वाळा उताराचं अंग धरतात, पायथा धरणं त्यांच्याच्याने होत नाही. गावातल्या मंडळांनी आणि स्त्रीशक्ती संघांनी (महिला बचत गटांनी) वर्गणी काढून हा माल घ्यायचा ठरवला असेल, तर एवढं आधी पक्कं करून घ्या.

जाळी 400, 700 आणि 900 ग्रॅम अशा वजनांत मिळते, म्हणजे एका चौरस मीटरमागे तेवढा काथ्या. सरळ, मंद प्रवाहाच्या काठाला 400 पुरते. वळणाच्या बाहेरच्या अंगाला 700 च्या खाली जाऊ नये. रोल 2 मीटर रुंद आणि 50 मीटर लांब, म्हणजे 100 चौरस मीटर, त्यामुळे 700 ची जाळी रोलमागे 70 किलो भरायला हवी. इथे मालात खोट निघाली. दोनपैकी एक रोल उन्हात दिवसभर वाळवून भात गिरणीच्या काट्यावर ठेवला तर 61 किलोच भरला. विक्रेत्याने फरकाचे पैसे वळते केले, रोल बदलून दिला नाही. ओल्या काथ्याचं वजन फुगतं, म्हणून दुकानातल्या काट्याचा भरवसा धरू नका, वाळवूनच तोला. दुसरी परीक्षा काडीपेटीची. एक धागा उपसून पेटवा: काथ्या जळून राख होते, वास नारळाच्या सोडणाच्या धुरासारखा येतो. धागा वितळून थेंब पडला तर आत प्लॅस्टिक आहे, तो माल परत पाठवा. प्लॅस्टिकच्या जाळीत साप, बेडूक अडकून मरतात, आणि काथ्या कुजून गेल्यावर तीच जाळी नदीत वाहत जाते.

अंथरण्याआधी काठ तासावा लागतो. जेसीबीने खोलीकरण केलेल्या ओढ्याचे काठ भिंतीसारखे उभे असतात. त्यावर जाळी लावणं म्हणजे पडत्या भिंतीला चादर गुंडाळणं. उंची एक तर आडवं अंतर दीड, निदान एवढा उतार हवा. साडेपाच फूट उंचीचा काठ असा कापला की उताराची लांबी जवळपास 3 मीटर येते आणि जाळीच्या दोन पट्ट्यांत बसते: 15 सेंटिमीटरचा पदर धरून 3.85 मीटर. उरलेल्या 85 सेंटिमीटरपैकी 60 वरच्या चरात जातात, 25 खाली दगडाखाली दबतात. वरचा चर 30 सेंटिमीटर खोल आणि तेवढाच रुंद घ्या, जाळी त्याच्या भिंतीवरून तळाला टेकवून मातीने ठोकून भरा. खालची पट्टी आधी अंथरायची, वरचीचा पदर तिच्यावर यायला हवा. पाणी येतं त्या बाजूचं टोकही चरात गाडा; ते उघडं राहिलं तर पहिलाच लोंढा जाळी पानासारखी उलटून टाकतो.

सगळ्यात जास्त फसगत होते ती जाळी आणि मातीच्या मधल्या पोकळीत. ढेकूळ, मूळ, दगड काहीही राहिलं की जाळी तंबूसारखी उचलली जाते, पाणी खालून वाट काढतं आणि वरून सगळं ठीक दिसत असताना आत ओहळ पडतात. म्हणून आधी उतार फावड्याने घोटून घ्या, हरळी आणि तागाचं बी शेणखतात मिसळून टाका, मगच जाळी. 6 मिलिमीटर सळीचे यू आकाराचे आकडे, पाय 30 सेंटिमीटर, कडेला आणि पदरावर अर्ध्या मीटरवर, मधे मीटरवर. 40 मीटरला सव्वातीनशेच्या आसपास लागतात. हे माप तांबड्या मातीचं, म्हणजे खानापूर-बेळगावच्या पश्चिम पट्ट्याचं. बैलहोंगल, सौंदत्तीकडच्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि आकडे हाताने उपसून येतात. तिथे हात-दीड हात लांबीच्या बांबूच्या खुंट्या ठोका.

आता वाळा. कन्नड बोलणाऱ्या नर्सरीत 'लावंच' म्हणून मागा. कर्नाटकाला हे गवत नवं नाही. गुंडलुपेटकडच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या बांधावर राखलंय. मूळ आडवं न पसरता सरळ खाली उतरतं, चांगल्या मातीत दोन-तीन मीटरपर्यंत. दक्षिणेकडचा, बी न धरणारा वाळाच मागा. उत्तरेकडच्या रानटी वाळ्याला बी धरतं.

उताराला आडव्या तीन ओळी, दोन ओळींत एक मीटर, दोन रोपांत 15 सेंटिमीटर. 40 मीटरला 800 रोपं बसतात, सांधायला 100 जास्त घ्या. एका रोपात दोन-तीन फुटवे, पात वीतभर ठेवून छाटलेली, मुळं चार बोटं. जाळीचे धागे पहारीच्या टोकाने फाकवायचे, कापायचे नाहीत. आलेल्या मालात पाचपन्नास रोपं आतून सडलेली होती. ओळखायला सोपं: मधली पात चिमटीत धरून ओढा. अलगद निघून आली आणि बुडाला तपकिरी, आंबूस वासाची निघाली तर ते रोप गेलं. उघड्या मुळांची रोपं ओल्या गोणपाटात चार दिवसांवर ठेवू नयेत. लावायला उशीर असेल तर ओढ्याकाठच्या चिखलात पुरून ठेवा. पिशवीतली रोपं महाग पडतात, पण मर कमी. वळणासाठी तीच घ्या.

सावलीत वाळा धरत नाही. जांभूळ, करंज, उंबर उभे आहेत तिथे पैसे घालवू नका, त्या झाडांची मुळंच काठ धरून आहेत. आणि मुळं खणून तेलाला विकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. काठावरचा वाळा खणला की काठच खणला. पाती गुडघ्याखाली कापून आच्छादनाला, कोवळी असताना वैरणीला चालते.

पायथ्यासाठी विकतचं काही लागत नाही. ओढ्याच्या तळाखाली हातभर चर, त्यात सर्वांत मोठे धोंडे तळाला, वर लहान, फटींत वाळुंजाचे (हे ओढ्याकाठचं झाड, वाळा नव्हे) अंगठ्याएवढे जाड खुंट. लांबी दोन-अडीच फूट, दोन तृतीयांश मातीत, डोळे वरच्या दिशेला. उलटे रोवले तर फुटत नाहीत. कापल्यावर दोन दिवसांत लावा, तोवर पाण्यात ठेवा. वाळुंज नसेल तर निर्गुडी. या ओढ्यावर 6 मीटरचा तुकडा दगड न घालता ठेवला होता. पहिल्या श्रावणातच तो जाळीसकट खाली बसला. शेजारचा दगडाचा भाग जागचा हलला नाही, आणि त्यातले वाळुंजाचे फुटवे आता माणसाच्या उंचीचे आहेत. ओढ्याला जीव येतो तो या फुटव्यांनी, त्यांच्या सावलीत थांबणाऱ्या माशांनी. वाळा त्यांना उभं राहायला वेळ मिळवून देतो.

बेळगावच्या बळ्ळारी नाल्यासारख्या ठिकाणी हा माल कामाचा नाही. शहापूर, वडगावच्या शिवारात भात बुडतं ते गाळ, जलपर्णी आणि तुंबलेल्या पाण्यामुळे. तिथे काठ बांधून काही सुटत नाही.

म्हशींना पाण्यावर उतरायला सरळ भागात चार मीटरचा दगडी उतार सोडा. तो नसेल तर त्या जाळीवरूनच उतरतात, आणि एका दिवसात ओळ तुडवली जाते. बाकीच्या काठाला एक वर्ष बाभळीच्या काट्यांचं कुंपण आणि चराईबंदी. ओढ्याची हद्द मोजून ग्रामपंचायतीचा ठराव आधीच करून घ्या, नाहीतर काम अर्ध्यावर असताना शेजारचा शेतकरी बांध सांगत येतो.

वळवाने माती मऊ झाली की खोदाई आणि दगड, मेअखेर जाळी, मृगाच्या पहिल्या दमदार पावसानंतर वाळा. बारा माणसांचं चार-पाच दिवसांचं काम आहे. रोपं एप्रिलमध्येच सांगून ठेवा. जूनमध्ये मागितली तर नर्सरी उरलीसुरली, निबर खोडाची पाठवते आणि सडलेली निघतात ती बहुतेक त्यांतलीच.