आमच्या नगरसेविकेचं संपर्क कार्यालय: खुर्चीत वहिनी स्वतः बसतात

कोल्हापुरात शुक्रवार पेठेत माझं शिलाईचं दुकान आहे. आता प्रभागाला चार-चार नगरसेवक झालेत, तर काम घेऊन जायचं कुणाकडे, असं गिऱ्हाईक सारखं विचारतं. मी वहिनींच्या कार्यालयात पाठवते.

तिथं नगरसेविका स्वतः भेटतात, ही पहिली गोष्ट. बायकांना ५० टक्के आरक्षण मिळालं, पण फलकावर बाईचं नाव आणि फोनवर यजमान, हे आपण सगळ्यांनीच बघितलंय. वहिनींचे यजमान त्यांच्या हार्डवेअरच्या दुकानात असतात, कार्यालयात बसत नाहीत.

कोल्हापुरात नगरसेवक बहुतेक तालमीतनं, तरुण मंडळातनं, फुटबॉलच्या मैदानावरनं पुढं येतो. वहिनी बचत गटातनं आल्या. हप्ते गोळा करणं, बँकेत कर्जाच्या फॉर्मसाठी ताटकळणं, दोन सभासदांचं भांडण मिटवणं, ही कामं त्यांनी कितीतरी वर्षं केली. २०१५ ला प्रभाग महिलांसाठी राखीव झाला आणि त्या पहिल्यांदा सभागृहात गेल्या. नोव्हेंबर २०२० ला मुदत संपली आणि पुढची पाच वर्षं महापालिकेवर प्रशासक. पद नाही, निधी नाही, तरी कार्यालयाचं शटर रोज संध्याकाळी वर जात होतं. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीत मी त्यांना मत दिलं ते याच्यासाठी.

२०२१ चा पूर त्याच काळातला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ ला धोका, हे पेठेतल्या पोरासोरांनाही पाठ आहे. पण आमच्या गल्लीत नदीच्या आधी ड्रेनेजमधनं पाणी उलटं येतं. वहिनींना ते माहीत होतं. इशारा पातळीची वाट न बघता त्यांनी मंडळाचा टेम्पो आणला आणि म्हाताऱ्या माणसांना आधी हलवलं. माझ्या सासूबाई त्यात होत्या. तो दिवस मी विसरणार नाही.

माझं स्वतःचं काम घरफाळ्याचं, म्हणजे घरपट्टीचं होतं. पावती अजून सासऱ्यांच्या नावावर, ते जाऊन बरीच वर्षं झालेली. वहिनी सरळ म्हणाल्या, "हे माझ्या पत्रानं होत नाही, वारस नोंद करावी लागते." मग मृत्यू दाखल्यापासून काय काय जोडायचं ते चिठ्ठीवर लिहून दिलं. एजंटाला एक रुपया न देता नाव लागलं. नगरसेवकाच्या हातात काय नाही हे तोंडावर सांगणारं माणूस मला जास्त भरवशाचं वाटतं.

उणं आहे ते पण लिहिते. तक्रारींची वही एकाच पोराकडे असते. तो रजेवर गेला की दिव्याची, मुकादमाची तक्रार तशीच पडून राहते. गणपतीत कार्यालय जवळपास बंदच असतं. आणि पहिल्या वेळी प्रभागाचा निधी कुठं खर्च झाला त्याचा कागद भिंतीवर लागायचा, तो या खेपेला अजून लागलेला नाही. वहिनी, तो लावाच. शिवाय बाकीच्या तिघांशी बोलून पाणी कोण बघणार, ड्रेनेज कोण बघणार, याचा एक फलक प्रभागात हवा.

वेळ संध्याकाळी सहा ते साडेआठ, रविवारी बंद. घरफाळ्याचं काम असेल तर चालू वर्षाची पावती बरोबर न्या.