पारोळा रोडवरची सुभेदार साहेबांची भरती अकॅडमी : 7 महिन्यांचा अनुभव, साडेचार स्टार

रिव्ह्यू मोठा आहे, आधीच सांगतो. माझा लहान भाऊ फौजेच्या भरतीच्या तयारीसाठी इथे 7 महिने होता म्हणून लिहितोय. आपल्या खान्देशात गावागावातून पोरं पहाटे रोडला पळताना दिसतात, आणि अकॅडमी निवडायची वेळ आली की आपण बघतो काय तर फ्लेक्स, त्यावर किती पोरांचे वर्दीतले फोटो आहेत ते. पहिल्यांदा आम्ही पण तेच केलं होतं.

पहिल्या अकॅडमीचं नाव लिहीत नाही, मोठ्या शहरातली होती एवढंच. 6 महिन्यांचं पॅकेज, पैसे सगळे आधी, आणि वरून "100 टक्के सिलेक्शन" असं तोंडी सांगितलेलं. तिथले संचालक गाडीतून उतरायचे आणि पोरांनी ती गाडी धुवायची, हे शिस्तीत धरलं जायचं. एप्रिलमध्ये सकाळी 9 वाजता राउंड मारायला लावले, आपल्याकडचं एप्रिलचं ऊन म्हणजे काय ते जळगाव-भुसावळवाल्यांना वेगळं सांगायला नको, एक पोरगा चक्कर येऊन पडला तर त्यालाच रगडा, म्हणजे पळवून दमवायची शिक्षा. भावाला दोन्ही नळ्यांना शिन पेन झालं, तो सांगत होता पाय दुखतो तर म्हणे बहाणे करतो. शेवटी 2 महिने घरी बसला. त्याचं वजन उतरलं ते एक, पण तो बोलायचा बंद झाला याचं मला जास्त वाईट वाटलं, आबा विचारायचे काय झालं रे तर नुसता मोबाईल बघत बसायचा.

मग आमच्या गावातल्या एका फौजी दादाने, सुट्टीवर आलेला होता, त्याने सांगितलं की पारोळा रोडला एक रिटायर सुभेदार साहेब पोरं तयार करतात, बोर्ड छोटा आहे, विचारत जा. गेलो. पत्र्याचं शेड, शेजारी ग्राउंड, पलीकडे कपाशी. ऑफिस नाहीच, एक टेबल आणि 4 खुर्च्या. साहेबांनी पहिले भावाला चपला काढायला लावल्या. मला वाटलं आत जायचं असेल. तर ते खाली बसले, अक्षरशः गुडघ्यावर, आणि म्हणाले "पाय दखाड, दादा." नळीवर अंगठा दाबत दाबत वरून खाली आले, जिथे भाऊ कळवळला तिथे थांबले, मग त्याचे जुने बूट हातात घेऊन तळवा बघितला, आतल्या बाजूने घासलेला होता. म्हणाले 3 आठवडे पळायचं नाही, फक्त चालायचं आणि बीम (पुल-अप्स) मारायचे, आणि हे बूट आज फेकायचे. 60 वर्षांचा माणूस, छातीवर मेडल घेऊन आलेला, आणि माझ्या 19 वर्षांच्या भावाचा घामेजलेला पाय हातात घेऊन बसलेला. त्या एका गोष्टीवर मी फी भरली.

फी भरण्याआधी त्यांनी आबांना जे सांगितलं ते पण लिहितो, कारण हे इतर कोणी सांगत नाही. अग्निवीर म्हणून फौजेत भरती म्हणजे 4 वर्षं. त्यातली जास्तीत जास्त 25 टक्के पोरं पुढे कायम होणार, बाकीची सेवा निधीचे, म्हणजे शेवटी एकरकमी मिळणारे साधारण पावणेबारा लाख घेऊन घरी येणार, तर तो पंचविशीच्या आत घरी आल्यावर काय करेल याचा विचार आजच करा आबा, आणि त्याचं कॉलेज सुटू देऊ नका. सिलेक्शनची गॅरंटी मी देत नाही, पोरगा तुटू देणार नाही याची देतो. आबांनी तिथेच मान हलवली, आबा सहसा कोणाला मान हलवत नाहीत.

आता रोजचं. पहाटे साडेचारला फॉल-इन, म्हणजे ओळीत हजर, उन्हाळ्यात साडेसहाच्या आत पळणं खतम. साहेब स्वतः पळतात पण पुढे नाही, सगळ्यात शेवटी, जो पोरगा मागे पडलेला असेल त्याच्या बाजूने. पुढे पळणाऱ्याला शिट्टी पुरते म्हणतात, मागच्याला माणूस लागतो. कोणी लेट आला तर शिक्षा आहे, सूट अजिबात नाही, पण 2 राउंड जास्तीचे मारायचे असतील तर साहेब पण त्याच्यासोबत ते 2 राउंड मारतात. भाऊ एकदाच लेट झाला. म्हणाला दादा, मला राउंडचं काही वाटलं नाही, पण साहेबांचा गुडघा दुखतो आणि ते माझ्यामुळे पळत होते, हे नाही सहन झालं. परत कधी लेट नाही.

पळून झालं की पाय तपासणी. रोज. पोरं ओळीत बसतात, बूट-मोजे काढून, आणि साहेब टॉर्च घेऊन एकेकाची बोटं फाकवून बघतात. फोड, चिखल्या, नखं. ओले मोजे दिसले तर तिथेच बदलायला लावतात. मला हे जरा जास्तच वाटलं होतं म्हणून विचारलं. तर त्यांनी सांगितलं की बर्फातल्या पोस्टवर रात्री कोणाचे मोजे ओले राहिले का हे बघणं कमांडरचं काम असतं, एक ओला मोजा म्हणजे फ्रॉस्टबाइट, आणि मग बोटं जातात. त्यांचा पहिला सेक्शन कमांडर एक हवालदार होता, सेक्शन म्हणजे साधारण 10 जवान, आणि तो हवालदार 10 जणांचे पाय बघितल्याशिवाय स्वतःचे बूट काढायचा नाही. साहेब म्हणे, मी पुढे काय शिकलो ते त्या माणसाकडून शिकलो, क्लासमध्ये नंतर ऐकलं.

शेडच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने तीन ओळी लिहिल्यात. देहरादूनच्या आयएमएचं (इंडियन मिलिटरी अकॅडमी, जिथे फौजेचे ऑफिसर तयार होतात) उद्घाटन 10 डिसेंबर 1932 ला झालं तेव्हाचे कमांडर-इन-चीफ चेटवूड जे बोलले होते त्याचा साहेबांनी केलेला मराठी सारांश : पहिला देश. मग तुझ्या हाताखालची माणसं. तू सगळ्यात शेवटी, नेहमी आणि प्रत्येक वेळी. आयएमएमधून निघणारा प्रत्येक ऑफिसर हे वाचून निघतो. आपल्या खडकवासल्याच्या एनडीएचं ब्रीद पण सेवा परमो धर्मः असंच आहे. आता मी एका कंपनीत सुपरवायझर आहे, आम्हाला ट्रेनिंगमध्ये सर्व्हंट लीडरशिप, म्हणजे आधी हाताखालच्यांची सेवा मग पुढारीपण, म्हणून 2 तास स्लाइड दाखवल्या होत्या, तेव्हा डोक्यावरून गेलं होतं सगळं. इथे मेसमध्ये ताट घेऊन उभं राहिलो तेव्हा कळलं.

मेसचं सांगायचंच आहे. जेवण साधं, कळण्याची भाकरी, डाळ, एक भाजी, ठेचा, संध्याकाळी खिचडी, सकाळी पळून आलं की भिजवलेले हरभरे आणि 2 केळी. लंगर म्हणतात तिथे स्वयंपाकघराला, फौजेसारखं. वाढायला पोरांच्या पाळ्या, पण साहेब आणि जे 2 उस्ताद (शिकवणारे) आहेत ते सगळ्यात शेवटी बसतात, आणि शेवटी म्हणजे खरंच शेवटी. मी एकदा शनिवारी भावाला भेटायला गेलो होतो, त्या दिवशी 5-6 पालक जास्तीचे जेवायला होते, साहेबांच्या ताटात भाकरी आणि ठेचाच आला, भाजी संपली होती. भांडं खरवडून त्यांनी भाकरीला लावलं आणि जेवले. कोणाला आवाज नाही, काही नाही. दुसऱ्या दिवशीपासून पोरांनी स्वतःहून ठरवलं, पहिल्या पंगतीत भाजी अर्धा डाव कमी घ्यायची. भाऊ म्हणाला कोणी सांगितलं नाही आम्हाला. ही गोष्ट मी आमच्या कंपनीत निदान 10 जणांना सांगितली असेल.

15 जानेवारीला आर्मी डे असतो, 1949 ला त्या दिवशी करिअप्पा पहिले भारतीय कमांडर-इन-चीफ झाले. त्या रात्री इथे बडा खाना असतो, पालकांना बोलावतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, फौजेत बड्या खान्याला ऑफिसर आणि जवान एकत्र जेवतात आणि ऑफिसर जवानांना वाढतात. इथे साहेब, काकू (साहेबांच्या मिसेस) आणि उस्ताद वाढत होते. बामणोदची वांगी, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, भरीत-पुरी आणि शेवभाजी. धडगावकडचा एक पावरा आदिवासी पोरगा होता, पहिल्यांदा घर सोडून आलेला, तो लाजून मागे बसला होता, तर साहेब घमेलं घेऊन पहिले त्याच्यापाशी गेले आणि "व्हयनं का रे पोट?" (भरलं का रे पोट) असं विचारत उभेच राहिले, त्याने ताट पुढे करेपर्यंत.

अजून एक. रात्री दहाला लाईट बंद झाल्यावर साहेब एक चक्कर मारतात, चार्जर बोर्डला लटकलेले आहेत का, डासांची कॉइल गादीजवळ आहे का. एकदा बोलता बोलता म्हणाले की शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीला पत्र लिहिलं होतं, त्यात हे पण लिहिलंय की रात्री दिवा जळत ठेवू नका, उंदीर वात घेऊन जाईल, गवताला आग लागेल, मग घोडी उपाशी मरतील. तेवढ्या मोठ्या राज्याचा राजा उंदराचा आणि वातीचा विचार करतो, तर मी 60 पोरांच्या चार्जरचा करायला नको? हे पत्र मी शाळेत ऐकलं होतं, रयतेच्या भाजीच्या काडीला हात लावू नका एवढंच लक्षात होतं, ते उंदराचं विसरलोच होतो.

आता अर्धा स्टार का कापला ते. लेखीची तयारी कमजोर आहे. ग्राउंड एक नंबर, पण गणित आणि रिझनिंगला जो सर येतो तो आठवड्यातून 3 दिवस, आणि आता अग्निवीरला आधी ऑनलाइन लेखी परीक्षा आणि मग ग्राउंड, म्हणजे पळण्या-बीमची चाचणी, असं झालंय, तर लेखीत राहिलात तर तुमचे पाय कोण बघणार. हे मी साहेबांना तोंडावर सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि म्हणाले बरोबर आहे, माझी चूक आहे, माझा जोर ग्राउंडवरच राहिला. मागच्या महिन्यापासून रोज क्लास सुरू झालाय असं ऐकलं, पण मी स्वतः बघितलेलं नाही म्हणून स्टार परत देत नाही. दुसरं, 60 पोरांना 4 संडास, सकाळी लाईन लागते. मे महिन्यात पत्र्याखाली दुपारी बसवत नाही, कूलर 2 आहेत पण लाईट गेली की संपलं. पोलीस भरतीवाल्यांसाठी गोळाफेकची जागा पण अपुरी आहे.

भावाचं काय झालं ते विचाराल. आला तेव्हा 1600 मीटर 6 मिनिटं 40 सेकंद, निघताना 5:28, म्हणजे पूर्ण 60 मार्क मिळतात त्या साडेपाच मिनिटांच्या आत. बीम 3 वरून 12 झाले, 10 ला पूर्ण 40 मार्क मिळतात. पण लेखीतच कट-ऑफ हुकला, ग्राउंडची वेळ आलीच नाही. निकाल लागला त्या दिवशी तो शेतात जाऊन बसला, फोन बंद. संध्याकाळी अंधार पडताना बाईकचा आवाज आला, साहेब. 28 किलोमीटर. घरात न येता आधी शेताकडे गेले, तासभराने दोघं चालत आले, काय बोलले ते भावाने आजपर्यंत सांगितलं नाही. आईने पिठलं टाकलं, साहेब खाटेवर बसून जेवले, आबांशी पावसापाण्याचं बोलले. मला नंतर कळलं की त्या बॅचमध्ये जे पास झाले त्यांना त्यांनी फोन केला, आणि जे राहिले त्या सगळ्यांच्या घरी ते स्वतः गेले, आमचं तिसरं घर होतं त्या दिवसाचं.

भाऊ आता पोलीस भरतीची तयारी करतोय, तिथे पण 1600 आहेच, वयाची पण अजून मुभा आहे, आणि लेखीसाठी अमळनेरला वेगळा क्लास लावलाय. रविवारी मात्र पारोळा रोडला जातो, नवीन आलेल्या पोरांसोबत पळायला. शेवटून पळतो, जो मागे राहिला असेल त्याच्यासोबत.

ज्यांना बघायला जायचंय त्यांनी पहाटे पाचला जा, दिवसा जाऊन काही दिसणार नाही. फी महिन्याची महिन्याला घेतात, मेस आणि राहणं धरून 6 हजार, ज्याची परिस्थिती नसेल त्याने काकूंना बाजूला सांगायचं, पोरांसमोर विषय निघत नाही. मोबाईल जमा होतो, रविवारी मिळतो. आणि पोराला पाठवताना सुती मोज्यांचे 4 जोड द्या, बूट नवीन घेऊ नका, पाय बघून कोणते घ्यायचे ते साहेबच सांगतील.