सर्व्हे करायचा की डिझाइन थिंकिंग? लायब्ररी सायन्सचा सिनॉप्सिस देण्याआधी

एमलिब किंवा पीएचडी करताय आणि सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, द्यायचाय, तर आपल्याकडची नेहमीची वाट माहितीच असेल, "अमुक तालुक्यातील महाविद्यालयांत ई-संसाधनांचा वापर", पाच पर्यायांची प्रश्नावली, गुगल फॉर्म, आकडेमोडीचं सॉफ्टवेअर एसपीएसएस, पाय चार्ट, झाला प्रबंध. आणि हल्ली सेमिनारमध्ये डिझाइन थिंकिंगचं (आधी वापरणाऱ्या माणसाला बघायचं, मग कच्चा नमुना बनवून तपासत सुधारायचा) कौतुक असं चालतं की जणू भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या की रिसर्च झाला. दोन्हींत दम आहे, फक्त वेगवेगळ्या प्रश्नांसाठी.

सर्व्हे "किती" सांगतो. हजार विद्यार्थी असतील तर सॅम्पल किती घ्यायचं ते सांगणारा क्रेजसी-मॉर्गनचा तक्ता म्हणतो २७८ घ्या, ते नीट निवडलेत तर निष्कर्ष अख्ख्या कॉलेजला लावता येतो आणि परीक्षकाला प्रत्येक पायरी ओळखीची वाटते (व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकून जे भरतील ते भरतील याला नीट निवड म्हणत नाहीत, पण करतात सगळे तेच). जगभर वापरलं गेलेलं लिबक्वाल, ग्रंथालयसेवेचा दर्जा मोजणारा सर्व्हे, हाच प्रकार, २२ मुख्य प्रश्न आणि प्रत्येकाला तीन आकडे: किमान किती चालेल, खरं तर किती हवं, आत्ता किती मिळतंय. दुखतंय कुठे ते कळतं, का दुखतंय ते आकड्यांतून निघत नाही.

आता अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठाचं बघा. तिथल्या लायब्ररीने चक्क मानववंशशास्त्रज्ञ बाई नेमल्या, विद्यार्थ्यांच्या हातात कॅमेरे दिले, दिवसभर कुठे कुठे फिरलात ते नकाशावर मांडायला लावलं, मनातली लायब्ररी कागदावर काढायला सांगितली. २००७ साली अहवाल आला, त्यात दिसलं की असाइनमेंट अडली की पोरं आईवडिलांना विचारतात, मग लायब्ररीने नव्या विद्यार्थ्यांच्या पालकांनाच नाश्त्याला बोलावलं. आपल्या प्रश्नावलीत "अडल्यावर कोणाला विचारता" याखाली "आई" हा पर्याय कोणी टाकला असता का? तिथे डिझाइन थिंकिंगचं लेबल नव्हतं, पण जीव तोच, आधी माणूस बघायचा मग सेवा ठरवायची. लेबलसकट हवं असेल तर शिकागो आणि डेन्मार्कमधल्या ऑरहूसच्या सार्वजनिक ग्रंथालयांसोबत आयडिओ या डिझाइन कंपनीने २०१५ च्या सुमारास खास ग्रंथालयांसाठी टूलकिट काढलंय, पैसा गेट्स फाउंडेशनचा.

आपल्याकडे कसं दिसेल? समजा विषय आहे "ओपॅक (लायब्ररीची कॉम्प्युटरवरची पुस्तकसूची) कोणी वापरत का नाही". ओपॅकच्या कॉम्प्युटरजवळ बसायचं, कोण येतं, काय टाइप करतं, शून्य रिझल्ट आल्यावर उठून काउंटरवर जातं का ते बघायचं, काउंटरवरच्या काकांना विचारायचं की लोक पुस्तक कसं मागतात, बरेचदा "ते निळ्या कव्हरचं" असंच मागतात. मग सर्च स्क्रीन कागदावर काढून चारपाच जणांपुढे ठेवायची, अडतील तिथे बदलायची, परत ठेवायची. इथे पाच माणसं पुरतात, कारण शोधायच्या असतात त्या अडचणी, टक्केवारी नाही.

पण गोची इथेच आहे. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, पहिला प्रश्न येणार, सॅम्पल एवढंच? दुसरा, हायपोथिसिस (तपासायचं गृहीतक) कुठंय? टूलकिट सेवा सुधारायला बनवलंय, प्रबंध लिहायला नाही, आणि सुधारलेली स्क्रीन म्हणजे आपोआप ज्ञान होत नाही. म्हणून पीएचडीवाल्यांनी पद्धतीच्या प्रकरणात डिझाइन सायन्स रिसर्चचा आधार घ्यावा, हेवनर आणि मंडळींचा २००४ चा लेख तिथे हक्काने चालतो, वस्तू बनवणं आणि ती तपासणं हीच संशोधनपद्धत असं त्यात रीतसर मांडलंय. फेकून दिलेले कागदी नमुनेही तारीख घालून जपा, तोच तुमचा डेटा.

माझं मत विचाराल तर, जिल्ह्यातल्या वीस कॉलेजांची तुलना करायचीय किंवा हातात एकच सेमिस्टर आहे आणि गाईड जुन्या वळणाचे आहेत, तर सर्व्हेच करा, फक्त त्याआधी आठवडाभर रीडिंग हॉलमध्ये बसून प्रश्न तिथून उचला, दुसऱ्याच्या प्रबंधातून नको. एकाच लायब्ररीतली एकच सेवा असेल आणि वेळ असेल तर डिझाइन थिंकिंग, मात्र ग्रंथपाल काहीतरी बदलू देणार आहेत का हे आधी लेखी घ्या, नाहीतर तुमचं काम प्रोटोटाइपवर, म्हणजे कच्च्या नमुन्यावर, येऊन अडकेल आणि टेस्टिंगचं प्रकरण कोरं राहील.