पाण्यातले औषधांचे अंश: आरओ घ्यावा की कार्बन फिल्टर?

पिण्याच्या पाण्यात पेनकिलर, अँटिबायोटिक, फिट्सच्या गोळ्यांचे अंश सापडतात असं वाचलं की माणूस घाबरून थेट सगळ्यात महागड्या मशीनकडे वळतो. थोडं थांबा, आधी प्रमाण बघा. शुद्ध करून नळाला आलेल्या पाण्यात ही औषधं सापडलीच तर बहुतेक वेळा लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅमच्याही खाली असतात, म्हणजे रोज २ लिटर प्यायलं तरी २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीइतकं औषध पोटात जायला २,७०० वर्षं लागतील. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१२ च्या अहवालात या प्रमाणात माणसाला त्रास होण्याची शक्यता फार कमी आहे असंच म्हटलंय. तरी लहान बाळ आहे, घरात कुणी गरोदर आहे, मनाला पटत नाही म्हणून फिल्टर घ्यायचाच असेल तर पुढचं वाचा.

उकळणं आणि युव्ही (अतिनील किरणांचा दिवा) या कामासाठी सोडून द्या. दोन्ही जंतूंसाठी उत्तम, पण उकळून ही औषधं उडून जात नाहीत, उलट पाणी आटतं तेवढी किंचित घट्टच होतात. घरगुती युव्हीचा डोस जंतू मारण्यापुरता असतो, फिट्सवरच्या कार्बामॅझेपिनसारखा चिवट रेणू त्याला दाद देत नाही. यूएफ म्हणजे बारीक छिद्रांच्या गाळणीचंही तेच, तिची छिद्रं या रेणूंपेक्षा बरीच मोठी.

राहिले दोन, कार्बन आणि आरओ. कार्बन औषध स्वतःला चिकटवून धरतो आणि कार्बामॅझेपिन, इस्ट्रोजेनसारखे हार्मोन, बऱ्याच पेनकिलर यात छान अडकतात, पण मधुमेहावरचं मेटफॉर्मिन किंवा स्कॅनच्या आधी देतात ती आयोडीनवाली औषधं पाण्यालाच धरून राहतात, ती बरीचशी निसटतात. घ्यायचाच तर दाबून बनवलेला कार्बन ब्लॉक घ्या, फिल्टरच्या जगमधल्या (जारमधल्या) कार्बनच्या सुट्या दाण्यांतून पाणी भरकन निघून जातं. आणि कार्ट्रिज वेळेवर बदला म्हणजे बदलाच, कारण ते भरलं की चवीवरून काहीच कळत नाही आणि अडकलेलं परत पाण्यात सुटूही शकतं. पाकिटावर एनएसएफ/एएनएसआय ४०१ (फिल्टर तपासण्याचं अमेरिकी मानक) लिहिलंय का बघा, त्या टेस्टमध्ये आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, कार्बामॅझेपिन अशी ठरावीक नावं प्रत्यक्ष तपासतात.

आरओ, म्हणजे दाबानं पाणी अतिबारीक पडद्यातून ढकलणारं मशीन, जास्त अडवतो यात वाद नाही, मेटफॉर्मिनसुद्धा. पण त्यासाठी बरंच पाणी वाया जातं, पाण्यातले क्षारही निघून जातात, आणि अडवलेलं औषध रिजेक्टच्या नळीतून सरळ गटारात जातं, म्हणजे घरातून गेलं पण नदीत पोचलंच. अजून एक, टीडीएस मीटरवर आकडा पडला म्हणून औषध गेलं असं समजू नका, तो मीटर क्षार मोजतो, इतकं थोडं औषध त्याला दिसतच नाही.

माझं मत विचाराल तर पाणी खारं असेल किंवा फ्लोराइड, आर्सेनिकचा प्रश्न असेल तर आरओ. पाणी आधीच शुद्ध होऊन येत असेल आणि काळजी फक्त औषधांची असेल तर चांगला कार्बन ब्लॉक पुरे.

मला खरी काळजी माशांची आहे. कॅनडात २००१ पासून ३ वर्षं एका प्रयोगासाठीच्या तलावात गर्भनिरोधक गोळीतलं हार्मोन लिटरला जेमतेम ५-६ नॅनोग्रॅम ठेवलं, तर नर माशांमध्ये अंड्याचं प्रोटीन बनायला लागलं आणि फॅटहेड मिनो हा छोटा मासा तिथून जवळपास संपला. घरातला कुठलाच फिल्टर हे थांबवत नाही, ते काम सांडपाणी केंद्रातल्या ओझोननं किंवा कार्बननं होतं, स्वित्झर्लंडनं २०१६ पासून निवडक केंद्रांवर ते कायद्यानं सक्तीचं केलंय. बरंचसं औषध लघवीतून जातं, ते आपल्या हातात नाही. पण उरलेल्या गोळ्या आणि सिरप सिंकमध्ये ओतू नका, परत घेण्याची सोय असेल तिथे द्या. डायक्लोफेनॅक या पेनकिलरचं जेल चोळल्यावर हात आधी कागदाला पुसा, मग धुवा, कारण त्यातलं फार थोडं त्वचेत मुरतं आणि हाताला राहिलेलं सरळ ड्रेनेजमध्ये जातं.